जॉर्जियाला जावं का? जा, पण पाच रात्रींत नको

वाचकाचं पत्र : आम्ही दोघं नाशिकचे. मी एकसष्ट वर्षांची, शाळेतून निवृत्त, यजमान सहासष्टचे. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मुलानं जॉर्जियाची सहल ठरवलीय. जाहिरात अशी : ‘मिनी युरोप! पाच रात्री, सहा दिवस, त्बिलिसी-गुदौरी-काझबेगी-बातुमी, रोज भारतीय जेवण.’ यजमान पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, दारूला शिवत नाहीत. लहानपणी त्यांनी मॉस्कोहून छापून येणारी मराठी पुस्तकं भरपूर वाचली, त्यामुळे त्यांना तिकडे ‘जुना रशिया’ बघायचाय. मला डोंगर आणि जुनी देवळं आवडतात. मैत्रीण म्हणते, तिथं भारतीयांना विमानतळावरूनच परत पाठवतात, शिवाय तो भाग युद्धाचा. भाषेचीही अडचण. जावं, की थोडे पैसे घालून सरळ स्वित्झर्लंड करावं? – प्रवासोत्सुक, नाशिक

उत्तर :

ताई, जा. मुलानं देश चांगला निवडलाय, पॅकेज मात्र बदलायला हवं.

आधी स्वित्झर्लंडचं मिटवून टाकू. मिनिटाला मिनिट पाळणाऱ्या आगगाड्या, गुळगुळीत रस्ते आणि कॅलेंडरवरची गावं बघायची असतील तर खरंच थोडे पैसे घाला आणि तिकडे जा. जॉर्जियात ते मिळणार नाही. ‘मिनी युरोप’ हे शब्द जाहिरात लिहिणाऱ्याचे. त्या नजरेनं गेलात तर राजधानी त्बिलिसीच्या जुन्या भागातले कलते लाकडी सज्जे बघून म्हणाल, वाडेच बघायचे तर पंचवटीत काय कमी होते! जॉर्जियाला कुणाची तरी छोटी आवृत्ती समजून जाणाऱ्याची निराशा होते, मग ती युरोपची असो की रशियाची. तुमच्या घरात हे दोन्ही गैरसमज आहेत, एक मुलाच्या पॅकेजात आणि एक यजमानांच्या मनात.

नकाशा समोर घ्या. उत्तरेला कॉकेशस पर्वताची मुख्य रांग आणि तिच्यापलीकडे रशिया, दक्षिणेला तुर्कस्तान आणि आर्मेनिया, पूर्वेला अझरबैजान, पश्चिमेला काळा समुद्र. क्षेत्रफळ ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही कमी. लोकसंख्या चाळीस लाखांहून कमी. २०११ च्या जनगणनेत तुमच्या एकट्या नाशिक जिल्ह्यात ६१ लाख माणसं होती. एवढ्याशा मुलखावरून अरब, मंगोल, तैमूर, इराणचे शहा, तुर्क आणि शेवटी रशियन असे सगळे येऊन गेले. तरी भाषा टिकली, तेहतीस अक्षरांची स्वतःची लिपी टिकली आणि चौथ्या शतकात स्वीकारलेला ख्रिस्ती धर्मही टिकला. रशियात तो धर्म पोचायला त्यानंतर साडेसहाशे वर्षं लागली. देश युरोपात की आशियात, यावर नकाशे काढणाऱ्यांत एकमत नाही. तिथल्या माणसांना विचाराल तर ती ठामपणे युरोप म्हणतील. तुम्ही वाद घालू नका.

आता यजमानांचा ‘जुना रशिया’. मॉस्कोहून येणाऱ्या त्या स्वस्त, सुबक मराठी पुस्तकांनी आपल्याकडच्या कितीतरी घरांत वाचनाची गोडी लावली, त्याबद्दल कृतज्ञ असायला काहीच हरकत नाही. पण त्यांतला बंधुभाव त्बिलिसीत शोधू नका. १८०१ साली झारनं पूर्व जॉर्जिया आपल्या राज्याला जोडला. झारशाही कोसळल्यावर २६ मे १९१८ ला देश स्वतंत्र झाला, आणि तीन वर्षंही पुरी होत नाहीत तोच, फेब्रुवारी १९२१ मध्ये, लाल सेना आत शिरली. पुढची सत्तर वर्षं सोव्हिएत. ज्या माणसाच्या मुठीत सगळा सोव्हिएत संघ होता तो स्टालिन याच मातीतला, गोरी गावचा. त्याचा फायदा मात्र गाववाल्यांना झाला नाही. १९३७-३८ च्या दडपशाहीत जॉर्जियातले कवी, कादंबरीकार, नाट्यदिग्दर्शक वेचून मारले गेले.

एक प्रसंग मराठी माणसाला चटकन समजेल. १९७८ साली सोव्हिएत जॉर्जियाच्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यातून जॉर्जियन भाषेचा राज्यभाषेचा दर्जा काढून घ्यायचा घाट घातला गेला. १४ एप्रिलला हजारो लोक, त्यांत विद्यार्थी खूप, त्बिलिसीच्या रस्त्यावर उतरले. सोव्हिएत राजवटीत सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरणं म्हणजे काय, हे यजमान तुम्हाला सांगतील. सरकारला माघार घ्यावी लागली आणि भाषेचा दर्जा कायम राहिला. १४ एप्रिल तिथं आजही भाषेचा दिवस म्हणून पाळतात. पुढे ९ एप्रिल १९८९ च्या पहाटे शहरातल्या रुस्तावेली या मुख्य रस्त्यावर सोव्हिएत सैनिकांनी निदर्शकांवर हल्ला केला. वीसएक माणसं गेली, त्यांत बायका जास्त. दोन वर्षांनी बरोबर त्याच तारखेला, ९ एप्रिल १९९१ ला, देशानं स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हा त्या रस्त्यावरून चालताना नुसती दुकानं बघू नका.

हे कळल्यावर सोव्हिएत काळाच्या खुणा बघण्यात जास्त मजा आहे, आणि त्या भरपूर आहेत. १९६६ मध्ये सुरू झालेली त्बिलिसीची मेट्रो सोव्हिएत संघातली चौथी. तिचे सरकते जिने खोल जातात आणि आपल्या सवयीपेक्षा बरेच भरभर पळतात, तेव्हा पाय ठेवताना कठडा धरा. नदीकाठच्या ‘ड्राय ब्रिज’च्या जुन्या बाजारात पदकं, कॅमेरे, बिल्ले, चिनीमातीची भांडी, कुणाच्या तरी आजोबांचे फोटो असं सगळं जमिनीवर मांडलेलं असतं. यजमानांना तिथं एक सकाळ मोकळं सोडा. शहराबाहेर पडताना १९७५ सालची एक अजब इमारत दिसेल, काँक्रीटचे लांबट ठोकळे एकमेकांवर आडवेतिडवे रचल्यासारखी. हे सोव्हिएत काळातलं महामार्ग मंत्रालय, आणि तिच्या दोन वास्तुविशारदांपैकी एक स्वतःच त्या खात्यात वरिष्ठ पदावर होता. आता तिथं एका बँकेचं मुख्यालय आहे.

गोरीला अर्धा दिवस द्या. त्बिलिसीहून ऐंशीएक किलोमीटर. स्टालिन जिथं जन्मला ते एवढंसं घर तिथं संगमरवरी मंडपाखाली जपून ठेवलंय. बाजूला त्याचा खास रेल्वेचा डबा, आणि आत संग्रहालयात मेल्यानंतर घेतलेला चेहऱ्याचा ठसा. संग्रहालय १९५७ चं आणि त्याचा सूर अजून भक्तिभावाचाच. त्याच्या काळातल्या कैदछावण्यांबद्दल, मारलेल्यांबद्दल फार थोडं. गावाच्या चौकातला त्याचा पुतळा मात्र जून २०१० मध्ये सरकारनं रातोरात उतरवला. गोरी करून आल्यावर, नंतरच, त्बिलिसीच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं सोव्हिएत ताब्याच्या काळावरचं दालन बघा. उलट क्रमानं बघितलंत तर गोरीत नुसतीच चीड येईल. या क्रमानं, एका देशाला आपल्याच गावच्या माणसाचं काय करावं हे अजून ठरवता आलेलं नाही, एवढं तरी दिसेल.

तुमची मैत्रीण म्हणते त्या युद्धाबद्दल. ऑगस्ट २००८ मध्ये रशियाशी पाच दिवसांचं युद्ध झालं. तेव्हापासून अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया हे दोन प्रदेश, म्हणजे देशाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, त्बिलिसीच्या हातात जराही नाही. तिकडे जायचं नाही, कुणी ‘नुसती हद्द दाखवतो’ म्हणालं तरी नाही. उरलेल्या देशात आज लढाई नाही. राजकारण मात्र तापलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये देशाला युरोपीय संघाच्या उमेदवाराचा दर्जा मिळाला होता. वर्षभरात, नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस, तिथल्या सरकारनं प्रवेशाच्या वाटाघाटी २०२८ पर्यंत पुढे ढकलल्या आणि लोक संतापून संसदेसमोर जमले. संसद रुस्तावेली रस्त्यावरच आहे. संध्याकाळी तिथं गर्दी, झेंडे, पोलीस दिसले तर फोटो काढायला पुढे सरसावू नका, मागच्या गल्लीतून निघा. एरवी रात्री दहाला दोघं पायी हॉटेलवर परतलात तर घाबरायचं कारण नाही. मला त्या देशात चोरांपेक्षा ड्रायव्हरांची भीती जास्त वाटते. वळणावर ओव्हरटेक करणं हा तिथं पराक्रम समजतात. घाटात गाडी हळू चालवायला सांगा, दोनदा सांगा.

यजमानांच्या पोटाची काळजी मात्र अगदी सोडा, आणि ते ‘रोज भारतीय जेवण’ पॅकेजातून काढून टाका. हजारो किलोमीटर जाऊन कोमट पनीर बटर मसाला खायचा, हे मला कधी कळलेलं नाही. जॉर्जियन लोक मांस खूप खातात, हे खरं. पण त्यांचं शाकाहारी जेवण ही काही नाइलाजानं केलेली सोय नाही, पूर्ण वाढलेला स्वयंपाक आहे. लोबिओ म्हणजे मडक्यात शिजवलेला राजमा, वर कोथिंबीर. त्याबरोबर म्चादी, मक्याची जाड भाकरी. बद्रिजानी म्हणजे वांग्याचे तळलेले काप, आत लसूण घातलेलं अक्रोडाचं वाटण, वर डाळिंबाचे दाणे. पालक किंवा बीट शिजवून अक्रोडाबरोबर वाटला की प्खाली. वांगी, टोमॅटो, सिमला मिरची मंद आचेवर एकत्र शिजली की आजापसंदाली. सोबत तंदूरसारख्या भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजलेला होडीच्या आकाराचा पाव आणि आंबट आलुबुखारांची ट्केमाली चटणी. मसाल्यांत धने, निळ्या फुलांची एक मेथी, आणि ऐका, झेंडू. आपण ज्याची तोरणं बांधतो त्याच्या वाळवलेल्या पाकळ्यांची पूड ते केशरासारखी वापरतात. दसऱ्याला शेजारणींना सांगायला बरं आहे.

तिखट मात्र बेताचंच. चटणीची पुडी न्यायला माझी ना नाही.

खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी, इथं जपून. आजारिया भागातली जी होडीच्या आकाराची, तिच्यावर कच्चं अंडं फोडून देतात. इमेरेतीची गोल खाचापुरी त्यापेक्षा बरी, पण सारणात किंवा वरून लावायला अंडं वापरलंय का ते विचारून घ्या. राजमा भरलेली लोबियानी निर्धास्तपणे मागवाल तर राचा भागातल्या पद्धतीत डुकराचं मांस निघेल. यावर तोडगा असा की ‘समार्ख्वो’ मागा. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांत मांस, अंडी, दूधदुभतं काहीच चालत नाही. ईस्टरच्या आधीचे सात आठवडे आणि ७ जानेवारीच्या त्यांच्या नाताळाआधीचे चाळीस दिवस तर हॉटेलांत उपवासाचं वेगळं मेनूकार्डही दिसतं. एरवीही ‘समार्ख्वो’ म्हटलं की वाढणाऱ्याला नेमकं कळतं. चीज करताना दूध विरजायला घालतात ते वासराच्या पोटातलं रेनेट यजमानांना चालत नसेल तर हाच उपाय.

दारूचं म्हणाल, तर जॉर्जियात वाइन नाकारणं फार अवघड. मेजवानीला तिथं एक सूत्रधार असतो, त्याला तामादा म्हणतात. तो उठून देशासाठी, आईवडिलांसाठी, गेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी एकामागून एक छोटी भाषणं करतो आणि प्रत्येक भाषणानंतर प्याले रिकामे होतात. बसतानाच हात छातीवर ठेवून ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ म्हणायचं. एवढं कारण बहुतेक ठिकाणी पुरतं. प्याल्यात तारखुना नावाचं हिरवं गार सरबत घ्या आणि सगळ्यांबरोबर उंचवा. भाषणं चुकवू नका, मेजवानीत ऐकण्यासारखं तेच असतं.

नाशिककर म्हणून तुम्ही काखेतीला गेलंच पाहिजे. पॅकेजात ते नाहीच, याचं मला आश्चर्य वाटतं. पूर्वेकडचा हा भाग म्हणजे अलाझानी नदीचं खोरं, नजर जाईल तिथवर द्राक्षमळे आणि पलीकडे उभी कॉकेशसची भिंत. द्राक्षांपासून वाइन करण्याचे जगातले सर्वांत जुने पुरावे जॉर्जियात, त्बिलिसीच्या दक्षिणेला, सापडले, साधारण ८,००० वर्षांपूर्वीचे. मातीचा मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, त्यात रस, साली, बिया सगळं घालून झाकण लावायचं आणि महिनोन्‌महिने हात लावायचा नाही. रांजणाला क्वेव्री म्हणतात आणि ही पद्धत २०१३ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. तुमच्याकडे द्राक्षं जानेवारी ते एप्रिलमध्ये उतरतात, तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा गेलात तर घराघरांत तोडणीची धामधूम दिसेल. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या १९८५ च्या दारूविरोधी मोहिमेत इथल्या बागा उपटल्या गेल्या. २००६ मध्ये रशियानं जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली, ती २०१३ पर्यंत टिकली. बाजारपेठ एका रात्रीत बंद होणं म्हणजे काय, हे निर्यातबंदीचे तडाखे खाल्लेल्या नाशिकच्या शेतकऱ्याला सांगायला नको. यजमानांसाठी तिथं चुर्चखेला आहे : अक्रोड दोऱ्यात ओवायचे, पीठ लावून आटवलेल्या द्राक्षाच्या रसात पुन्हापुन्हा बुडवायचे आणि वाळत टांगायचे. दिसायला मेणबत्ती, चवीला बरीक फार छान, आणि घरी आणायलाही सोयीचं.

काखेतीशी आपलं आणखी एक नातं आहे, आणि ते थेट गोव्यातून जातं. ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टीन चर्चचा एकटा उभा राहिलेला मनोरा तुम्ही पाहिला असेल. बहुतेक लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. केतेवान ही काखेतीची राणी. नवऱ्यामागे तिनं मुलाच्या वतीनं राज्य सांभाळलं. पुढे इराणच्या शहा अब्बासनं तिला ओलीस ठेवलं, धर्म बदलायला सांगितलं. ती बधली नाही. १६२४ च्या सप्टेंबरात शिराझमध्ये तिला हालहाल करून मारलं. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टीनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी गुपचूप मिळवल्या आणि त्यांतल्या काही गोव्यातल्या आपल्या मठात आणून ठेवल्या. मठ पडला, जंगल माजलं. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांतल्या वर्णनावरून भारतीय पुरातत्त्व खात्यानं अवशेषांत शोध घेतला, हाताचं हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत डीएनए तपासला गेला आणि ते केतेवानचंच असावं असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्बिलिसीत त्या अस्थींचा काही भाग जॉर्जियाच्या हवाली केला. तिथल्या चर्चनं तिला संत मानलंय, आणि त्बिलिसीतला एक मोठा रस्ता तिच्या नावाचा आहे. तेलावी गावात मुक्काम केलात तर जवळच ग्रेमी आहे, शहा अब्बासच्या फौजांनी उद्ध्वस्त केलेली काखेतीची राजधानी. आता टेकडीवर एक चर्च आणि मनोरा तेवढा उभा आहे. थोडं पुढे अकराव्या शतकातलं अलाव्हेर्दीचं उंचच उंच चर्च. जुन्या देवळांची तुमची हौस एकट्या तेलावीत फिटेल. त्यात त्बिलिसीजवळच्या म्त्सखेता या जुन्या राजधानीची भर घाला. तिथं सहाव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलेलं ज्वारी नावाचं चर्च टेकडीवर आहे आणि खाली दोन नद्यांचा संगम. संगमावरच्या देवळाचं तुम्हाला मी काय सांगावं!

भारताचं नाव तिथल्या लोकांच्या कानावर शाळेतच पडतं, तेही असंच लांबच्या वाटेनं. ज्या रुस्तावेलीच्या नावाचा तो मुख्य रस्ता, तो बाराव्या शतकाच्या शेवटचा कवी. आणि त्याच्या महाकाव्याच्या दोन नायकांपैकी एक, तारिएल, हा हिंदुस्थानचा राजपुत्र आहे.

डोंगर. त्बिलिसीहून उत्तरेला रशियाच्या हद्दीकडे जाणारा जुना लष्करी मार्ग गुदौरीवरून, सुमारे २,४०० मीटरच्या खिंडीतून, स्तेपान्त्समिंदाला जातो. हेच जाहिरातीतलं काझबेगी. पॅकेजवाले हे सगळं एका दिवसात उरकतात : पहाटे निघायचं, गुदौरीला बर्फाचे फोटो, वर गेर्गेतीच्या चर्चपाशी वीस मिनिटं, रात्री परत. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर घाट, त्यात रशियाकडे निघालेल्या ट्रकांच्या रांगा. आणि एवढं करून पाच हजार मीटरहून उंच असलेलं काझबेक शिखर बरेचदा दुपारच्या ढगांत गेलेलं असतं. तिथं दोन रात्री राहा. सकाळी खिडकी उघडल्यावर शिखर दिसायची शक्यता जास्त. गेर्गेतीचं चर्च २,१७० मीटरवर आहे, पण आता पक्क्या रस्त्यानं गाडी वर जाते, गुडघ्यांना त्रास नाही. वाटेत गुदौरीपुढे दरीच्या कडेला रंगीत चित्रांचा अर्धगोल सज्जा लागेल. १७८३ साली रशियानं जॉर्जियाला संरक्षणाचं वचन देणारा तह केला, त्याच्या द्विशताब्दीनिमित्त १९८३ मध्ये उभारलेलं हे मैत्रीचं स्मारक. वचनाचं पुढं काय झालं ते वर लिहिलंच आहे. यजमानांचा फोटो इथं काढा.

बातुमी गाळा. समुद्र, कसिनो, उंच टॉवर. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस. कोकणचा माणूस त्या किनाऱ्याला किनारा म्हणणार नाही. स्वानेतीची मध्ययुगीन दगडी बुरुजांची गावं फार सुंदर आहेत, पण पहिल्या फेरीत या वयात इतका घाट नको.

म्हणजे मुलाला सांगायचं ते असं : पाचऐवजी आठ रात्री. चार त्बिलिसीत, दोन तेलावीत, दोन स्तेपान्त्समिंदात. त्बिलिसीत जुन्या भागाजवळ राहा. नारिकाला किल्ल्याच्या टेकडीवर केबल कारनं जा, आणि खाली गंधकाच्या गरम पाण्याच्या हमामात तासाभराची खासगी खोली घ्या. दोघांनाही सांधेदुखी असेल तर रोज घ्या. तेलावीत आणि डोंगरात हॉटेलऐवजी कुणाच्या तरी घरातली खोली घ्या. घरमालकीण न विचारता इतकं खायला घालेल की रात्रीचं जेवण सोडावं लागेल. फक्त थंडीत खोलीत गॅसचा हीटर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि धुराड्याशिवाय हीटर असेल तर खोली बदला. डिसेंबर २०२४ मध्ये गुदौरीत अनेक भारतीय कर्मचारी झोपेतच कार्बन मोनॉक्साइडनं गेले. तिथं बंद जागेत जनरेटर चालू होता. त्यापेक्षा थंडीत जाऊच नका. मेचा दुसरा पंधरवडा, जून, सप्टेंबर, ऑक्टोबरचा पूर्वार्ध हे महिने उत्तम. हिवाळ्यात हिमस्खलनामुळे गुदौरीपुढचा घाट कधीकधी बंदच असतो.

भाषेचं अडत नाही. तरुण इंग्रजी बोलतात, साठीपुढचे रशियन. यजमानांना चार रशियन शब्द येत असतील तर ते आजीआजोबांसाठी राखून ठेवावेत, तरुणांपुढे नकोत. २००८ नंतर, आणि युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर तर जास्तच, ती भाषा कानावर आली की काहींच्या कपाळाला आठी पडते. ‘गामार्जोबा’ हा नमस्कार, ‘माद्लोबा’ हे आभार, एवढ्यावर काम भागतं. वय झालेली माणसं राज कपूरचं नाव काढतील, तयारी ठेवा. चर्चमध्ये जाताना डोक्यावर ओढणी घ्या. काही मठांत बायकांना पॅंट चालत नाही, दाराशी गुंडाळायला कापड ठेवलेलं असतं. पुरुषांनी अर्धी चड्डी घालू नये. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला बिल्ला दिसला तर त्यांचं लसीकरण झालेलं असतं. ती आपल्यामागून दोन चौक चालत येतात, काही करत नाहीत. टॅक्सी मोबाइलवरूनच बोलवा, रस्त्यावर हात करून नको. लारी हे तिथलं चलन, एका लारीला साधारण तीस-पस्तीस रुपये पडतात. गावांत रोख जवळ ठेवा.

विमानतळाची भीती अगदीच खोटी नाही. भारतीय पासपोर्टवर जास्त प्रश्न विचारतात आणि काहींना परत पाठवतातही, कारण पर्यटक म्हणून येऊन कामाला लागणारे किंवा पुढे युरोपात सरकणारेही त्यांना भेटलेले असतात. तुमच्यासारख्या निवृत्त जोडप्यानं कागद नीट नेले तर फार चिंता नको. ई-व्हिसा तिथल्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. अमेरिका, शेंगेन, आखाती देश वगैरेंचा चालू व्हिसा असेल तर वेगळ्या व्हिसाची गरज न पडण्याची सवलत आजवर होती, पण नियम बदलतात, तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा आहे. परतीचं तिकीट, सगळ्या मुक्कामांचं आरक्षण, विमा, निवृत्तिवेतनाचा किंवा बँकेचा कागद, हे सगळं छापून हातातल्या पिशवीत ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. ‘कशाला आलात?’ विचारलं तर तीन गावांची नावं आणि तारखा दोघांनाही एकसारख्या सांगता आल्या पाहिजेत. निघायच्या आदल्या रात्री उजळणी घ्या. शाळेत काढलेली वर्षं कामी येतील.

शेवटचं, आणि हे कुणी सांगत नाही : औषधं. जॉर्जियाचे अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत, आणि आपण सहज घेतो त्या काही झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध त्यांत सापडतात. बीपी-शुगरच्या गोळ्यांची अडचण नाही, पण त्याही मूळ पाकिटात न्या, डब्यात सुट्या नकोत. बाकी यादी घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा. यातलं एखादं औषध टाळता येत नसेल तर जॉर्जियाच्या दिल्लीतल्या दूतावासाला लेखी विचारा आणि उत्तर आल्याशिवाय तिकीट काढू नका. त्याला वेळ लागू शकतो, म्हणून मुलाला सहलीचा महिना आजच विचारा आणि बातुमीच्या हॉटेलचे पैसे भरले नसतील तर तिथंच थांबायला सांगा.